चौकशीची खिडकी बंद करू नका

जहाजांवर माणसं पाठवणाऱ्या सर्व एजन्सी, जहाज कंपन्या आणि त्यांचे संचालक यांना,

स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात तुमच्यापैकी एका ऑफिसनं खलाशांच्या घरच्यांसाठी चालवलेला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप बंद केला. म्हणजे काढून टाकला नाही. ‘फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतात’ असं करून ठेवलं. शेवटचा मेसेज इंग्रजीत होता, सूनबाईनं वाचून अर्थ सांगितला. कुटुंबीयांनी जहाजाचं ठिकाण, पुढचं बंदर आणि साइन-ऑफची (जहाजावरून उतरून घरी निघण्याची) तारीख यांबद्दल ऑफिसला वारंवार विचारू नये, आवश्यक ती माहिती योग्य वेळी दिली जाईल. खाली जोडलेल्या हातांचं चित्र.

त्या ऑफिसचं नाव मी लिहिणार नाही. मुलगा अजून त्यांच्याच जहाजावर आहे, हे एक कारण. दुसरं असं की पत्र लिहायला बसण्याआधी मी आमच्या पंचक्रोशीत चार-सहा घरी जाऊन आलो. इकडे घराआड एक मुलगा बोटीवर आहे. कोणाचा डेकवर, कोणाचा इंजिनात, कोणाचा गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात. कंपन्या वेगळ्या, अनुभव एकच. म्हणून हे पत्र सगळ्यांना.

मी एसटीत 33 वर्षं काढली. आधी वाहक, शेवटची 16 वर्षं वाहतूक नियंत्रक. म्हणजे आगारात चौकशीच्या खिडकीच्या आत जो माणूस बसतो, ज्याला लोक ‘साहेब, गाडी कुठवर आली?’ असं दिवसातून तीनशे वेळा विचारतात, तो मी. रत्नागिरी जिल्ह्यातच नोकरी झाली, 2018 मध्ये निवृत्त झालो. गाड्यांची आवक-जावक लिहून लिहून हाताला खोड लागली होती, ती निवृत्तीनंतर सुटेना. दोनशे पानी वही आणली. डाव्या पानावर घरचं लिहितो, उजव्या पानावर पेपरातलं. डावीकडे दुधाचे खाडे, कलमांना मोहोर कधी आला, हिची बीपीची गोळी कधी बदलली. उजवीकडे निवडणुका, पाऊस, युद्धं. बरीच वर्षं या दोन पानांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. धाकटा बोटीवर गेला आणि उजव्या पानावरची शाई डावीकडे उमटायला लागली.

19 नोव्हेंबर 2023. डावीकडे : धाकट्याचा साखरपुडा. त्या दिवशी अहमदाबादला वर्ल्डकपची फायनल होती, म्हणून पंगती दीडच्या आत उरकल्या आणि व्याह्यांकडची निम्मी मंडळी आमच्या ओटीवर टीव्हीपुढं बसली. भारत हरला, रात्री कोणी जेवलं नाही, जिलेबी उरली. उजवीकडे : लाल समुद्रात ‘गॅलेक्सी लीडर’ नावाच्या जहाजावर येमेनमधल्या हुती बंडखोरांनी हेलिकॉप्टरमधून माणसं उतरवली आणि जहाज पळवून नेलं. 25 माणसं जहाजावर. जहाज आपल्याकडे, पिपावावला यायला निघालेलं होतं. हुती कोण हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मुलाला ठाऊक होतं. सगळे मॅच बघत होते आणि नवरामुलगा कोपऱ्यात फोनमध्ये तोंड घालून होता. मला वाटलं, होणाऱ्या बायकोशी बोलतोय.

ती 25 माणसं जानेवारी 2025 मध्ये सुटली. 14 महिन्यांनी. तेवढ्या काळात आमच्याकडे लग्न झालं, मुलाचं एक कॉन्ट्रॅक्ट संपलं, दुसरं सुरू झालं आणि सूनबाईला दिवस गेले.

लग्न 28 जानेवारी 2024 चं, रविवारचं. हळदीच्या दिवशी पेपर उघडला तर एडनच्या आखातात ‘मार्लिन लुआंडा’ या तेलाच्या जहाजावर क्षेपणास्त्र पडून आग लागलेली. जहाजावर 22 भारतीय. आपल्या नौदलाची ‘आयएनएस विशाखापट्टणम’ मदतीला गेली, आग विझली, माणसं वाचली. मांडवात व्याह्यांनी मला बाजूला घेऊन हळू आवाजात विचारलं, “बोटीवरचं काम तसं सुरक्षित आहे ना हो?” मी जन्मभर जे उत्तर दिलं तेच दिलं. म्हटलं, “गाडी वेळेवर आहे.” ते हसले. मीही हसलो. मुलीच्या बापाला मी तेव्हा पूर्ण खरं सांगितलं नाही, याची टोचणी अजून आहे.

त्याच वर्षी 6 मार्चला ‘ट्रू कॉन्फिडन्स’वर हल्ला होऊन तीन खलाशी गेले. त्यांच्या घरी कोणत्या पानावर काय लिहिलं गेलं असेल, असं मनात आलं आणि त्या दिवशी डावं पान कोरं ठेवलं. 13 एप्रिलला होर्मुझजवळ इराणनं ‘एमएससी एरीज’ ताब्यात घेतलं, त्यावर 17 भारतीय. तेव्हा आमचा मुलगा आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून चालला होता. सुएझचा रस्ता टाळून केप ऑफ गुड होपवरून जायचं म्हणजे दहा-पंधरा दिवस जास्त. हिनं नारळ फोडला, की बरं झालं लांबून गेला.

इथवरचं मी तुमच्या माथी मारत नाही. युद्धं तुम्ही सुरू केलेली नाहीत. तुमच्या पगारावर आमच्या घराचा स्लॅब पडला, धाकटा जीपी रेटिंगचा, म्हणजे साध्या खलाशाचा, कोर्स करून लागला तो आज एबी, म्हणजे डेकवरचा अनुभवी खलाशी आहे, दोन पैसे बरे मिळवतो, हेही कबूल करतो. पुढचं मात्र तुमचं आहे.

डिसेंबर 2024 मध्ये मुलगा पुन्हा जॉइन झाला. बायकोला दिवस गेल्याचं कळून चार दिवस झाले होते. कॉन्ट्रॅक्ट नऊ महिन्यांचं, म्हणजे सप्टेंबरच्या मध्याला संपणारं. बाळाची तारीख ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातली. त्यानं जाण्याआधीच ऑफिसात लेखी अर्ज दिला की मला जुलैअखेर रिलीव्हर, म्हणजे बदली माणूस द्या, पगार कापा, चालेल. ‘बघू’ म्हणाले. बघू या शब्दाचा अर्थ सरकारी नोकरीत राहून मला चांगला कळतो.

मग जून 2025 आला. 12 तारखेला अहमदाबादचं विमान पडलं. त्या बातमीनं सुन्न होऊन आम्ही झोपलो आणि दुसऱ्या दिवशी उठलो तेव्हा इस्रायलनं इराणवर हल्ला केलेला होता. मुलाचं टँकर जुबैलला माल भरून आखाताच्या आत नांगर टाकून उभं होतं. आत म्हणजे असं बघा, आपल्याकडे कशेडी घाटात दरड आली की खालच्या गाड्या खालीच राहतात. त्या आखाताला बाहेर पडायला एकच दार, होर्मुझची सामुद्रधुनी. सगळ्यात अरुंद जागी ती 33 किलोमीटरच्या आसपास आहे. जगातलं पाचव्या हिश्शाच्या घरातलं तेल तिथून जातं, हे पेपरवाल्यांनी त्या पंधरवड्यात इतक्या वेळा छापलं की आमच्या वाडीतल्या पोरांनाही पाठ झालं. त्या तेलाबरोबर माणसंही जातात, हे कोणी छापलं नाही.

15 जूनला मुलाचा मेसेज आला. ‘इकडे सिग्नल जॅम करतायत. नेट नसेल काही दिवस. काळजी करू नका, तिला सांगा वेळेवर जेव.’ त्यानंतर दहा दिवस काही नाही.

22 जूनचं डोहाळजेवण महिनाभर आधी ठरलेलं होतं. रद्द करावं का यावर घरात दोन रात्री चर्चा झाली. शेवटी सूनबाईच म्हणाली, “बाबा, करू या. रद्द केलं तर सगळ्यांना वाटेल काहीतरी झालंय.” त्या पहाटे अमेरिकेनं इराणच्या तीन अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकले. दुपारी आमच्या ओटीवर फुलांची वाडी भरली. हिरवी साडी, मोगऱ्याचे गजरे, शेजारच्या बायका डोहाळ्याची गाणी म्हणतायत, आणि टीव्ही मी आतल्या खोलीत आवाज बंद करून लावलेला. पट्टीवर येत होतं की होर्मुझ बंद करायला इराणच्या संसदेनं पाठिंबा दिला. बायकांनी दोन वाट्या झाकून तिच्यापुढं ठेवल्या. तिनं उचलली ती बर्फीची निघाली. मुलगी होणार म्हणून टाळ्या पडल्या.

फोटोसाठी म्हणून तिनं फोन हातात घेतला आणि मला तिचा चेहरा दिसला. जहाजं कुठं आहेत ते दाखवणारं एक अ‍ॅप असतं, ते ती दिवसातून पन्नास वेळा बघायची. मी जवळ गेलो. तिनं फोन माझ्याकडे वळवला. आमच्या मुलाचं जहाज समुद्रात नव्हतंच. जमिनीवर होतं. किनाऱ्यापासून बरंच आत, जिथं नकाशावर नुसता पिवळा रंग आहे, तिथं ते हिरवं टोक तरंगत होतं. आजूबाजूला तशीच आणखी पंचवीस-तीस, एकमेकांवर चढलेली. जीपीएस जॅम केलं की असं खोटं ठिकाण दिसतं, हे आज मला माहीत आहे. 17 तारखेला ‘अ‍ॅडलिन’ आणि ‘फ्रंट ईगल’ ही दोन टँकर त्याच भागात एकमेकांवर आदळली होती, तेही वाचलेलं होतं. पण आठवा महिना चालू असलेली पोर मला विचारत होती, “बाबा, जहाज जमिनीवर कसं येईल?” आणि तिची आई ओटीत नारळ घालत होती.

त्या दहा दिवसांत मी तुमच्या त्या ऑफिसला 14 फोन केले. तारीख-वेळ वहीत आहे. 11 वेळा कोणी उचलला नाही किंवा गाणं वाजत राहिलं. दोनदा ‘क्रू डिपार्टमेंटला जोडते’ म्हणून फोन कटला. एकदा एक मुलगा बोलला, आवाजावरून आमच्या धाकट्याच्याच वयाचा.

“काका, व्हेसल सेफ आहे.”

“आणि माणसं?”

“व्हेसल सेफ म्हणजे क्रू सेफच असतो, काका.”

“ही बातमी कधीची?”

तो थांबला. “मला एवढंच सांगायला सांगितलंय.”

त्या मुलावर माझा राग नाही. खिडकीत बसवलेल्या माणसाला माहिती न देता बसवलं की त्याचं काय होतं, ते मी भोगलंय.

24 जूनला युद्ध थांबलं. 25 जूनला दुपारी मुलाचा फोन आला. त्याच दिवशी तुमच्यातल्या बहुतेक सगळ्यांनी फेसबुकवर एक चित्र टाकलेलं दिसलं, कारण 25 जून हा जागतिक खलाशी दिन. निळा समुद्र, सूर्यास्त, पाठमोरा एक खलाशी, आणि ‘आमचे खरे हिरो’. आमच्या एजन्सीनं तर ऑफिसात केक कापल्याचे फोटो टाकले. केकवर नांगर काढला होता, क्रीमचा. फोटोतल्या टेबलावर एक फोन दिसत होता.

आता मी माझ्या खिडकीबद्दल सांगतो, म्हणजे मी काय मागतोय ते कळेल.

2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली अशा दोन एसटी पाण्यात गेल्या. त्या आमच्या आगाराच्या नव्हत्या, पण आमच्याही रातराण्या त्याच रस्त्यानं गेल्या होत्या. मी पहाटे साडेचारला आगारात पोचलो तेव्हा खिडकीपुढं साठ-सत्तर माणसं उभी होती, पावसात. कोणाचा भाऊ, कोणाची मुलगी, कोणाचा नवरा पगाराच्या सुट्टीवरून परत निघालेला. मला तेव्हा काय माहीत होतं? जवळजवळ काही नाही. फोन लागत नव्हते. आमच्या तीन गाड्यांपैकी एक पूल ओलांडून गेल्याचं कळलं होतं, दोन कळल्या नव्हत्या.

आमचे आगारप्रमुख तेव्हा म्हणाले, खिडकी बंद करू नका. जे माहीत आहे ते सांगा, जे माहीत नाही ते ‘माहीत नाही’ म्हणून सांगा, आणि दर अर्ध्या तासानं बाहेर येऊन बोला, काही नवीन नसलं तरी. मी फळ्यावर खडूनं तीन गाड्यांचे नंबर लिहिले. पहिल्यापुढं ‘पुढे गेली’. बाकी दोनपुढं ‘कळले नाही, 5.00’. मग ‘कळले नाही, 5.30’. मग सहाच्या सुमाराला एकीपुढं ‘अलीकडे थांबली, सुखरूप’. आरक्षणाचा तक्ता हातात घेऊन एकेक नाव वाचलं. लोक चिडले, एकानं माझ्या शर्टाला हात घातला, पण कोणी घरी गेलं नाही आणि कोणी अफवा घेऊन धावलं नाही. ‘कळले नाही, 5.30’ याला अर्थ असतो. साडेपाच वाजता कोणीतरी आपल्या माणसासाठी विचारलं, एवढं त्यातून कळतं.

तुमच्याकडे सॅटेलाइट आहे, रोज दुपारी जहाजावरून ऑफिसला रिपोर्ट जातो. आमच्याकडे खडू होता.

म्हणून माझी पहिली तक्रार हीच आणि सगळ्यात मोठीही हीच. तुम्ही जॉइनिंगच्या वेळी मुलाकडून ‘नेक्स्ट ऑफ किन’चा, म्हणजे सगळ्यात जवळच्या नातेवाइकाचा, फॉर्म भरून घेता. त्यात बायकोचं नाव, नातं, पत्ता, दोन फोन नंबर. तो नंबर कधी लावायचा हे तुमच्याकडे ठरलेलं आहे आणि आम्हालाही ते ठाऊक आहे. म्हणून तुमच्या ऑफिसचा नंबर फोनवर उमटला की आमच्या घरात कोणी उचलायला धजत नाही. माणूस जिवंत आणि धड आहे हे सांगायलाही तो नंबर लावता येतो, याचा विचार करावा.

तुम्ही म्हणाल की युद्धाच्या भागात जहाजाचं ठिकाण सांगणं धोक्याचं असतं. बरोबर आहे, नका सांगू. ठिकाण नकोच आम्हाला. ‘आज दुपारी बारापर्यंत सर्व माणसं सुखरूप’ एवढी सहा शब्दांची ओळ पुरे.

दुसरी तक्रार परत येण्याबद्दल. बाळ 6 ऑगस्टला झालं, मुलगी. त्या दिवसाच्या उजव्या पानावर मी काही लिहिलं नाही, मुद्दाम. बारसं 17 तारखेला केलं. आत्यानं कानात नाव सांगायच्या वेळी बापाला व्हिडिओ कॉल लावला. पाळण्याच्या दोरीला फोन बांधला होता. ‘गोविंद घ्या, गोपाळ घ्या’ झालं, आत्या वाकली, आणि नेमका तिथं कॉल अडकला. स्क्रीनवर मुलाचा चेहरा अर्धा उघड्या तोंडानं तसाच राहिला. पंधरा मिनिटांनी त्याचा मेसेज आला : ‘नाव काय ठेवलं?’

कॉन्ट्रॅक्ट सप्टेंबरच्या 12 तारखेला संपलं. आज 3 ऑक्टोबर, काल दसरा झाला. मुलगी दोन महिन्यांची होत आली, मान धरायला लागली. रिलीव्हर मिळत नाही, पुढच्या बंदरात बघू, व्हिसाचा प्रश्न आहे, अशी कारणं. कॉन्ट्रॅक्टमध्ये एक महिना मागेपुढे होऊ शकतो असं लिहिलंय आणि 11 महिन्यांपर्यंत ठेवलंत तरी आंतरराष्ट्रीय नियम मोडत नाही, हे मी वाचलेलं आहे. नियमात बसतं म्हणून मी ते बेकायदा म्हणत नाही. पण सात महिने आधी दिलेल्या लेखी अर्जाला ‘हो’ किंवा ‘नाही’ असं एका ओळीचं लेखी उत्तर देण्यापासून कोणत्या नियमानं तुम्हाला अडवलं होतं? एसटीत रजेचा अर्ज नाकारताना साहेब लाल शाईनं कारण लिहायचे. लाल शाई तरी दिसायची.

तिसरी. लाल समुद्राच्या दक्षिण भागासाठी वाहतूक कामगारांचा आंतरराष्ट्रीय महासंघ (आयटीएफ) आणि जहाजमालक यांच्यात करार झाला. त्यात तिकडे जायला खलाशी नाही म्हणू शकतो, मग त्याला कंपनीच्या खर्चानं घरी पाठवायचं. गेला तर जास्तीचा पगार, आणि काही बरंवाईट झालं तर दुप्पट भरपाई. चांगला करार आहे. पण तो ज्या जहाजांना लागू आहे त्यांनाच लागू. आमच्या मुलाच्या जहाजावर झेंडा एका देशाचा, मालक दुसऱ्या देशातला, चालवणारी कंपनी तिसऱ्या आणि एजन्सी नवी मुंबईत. त्याला हा हक्क आहे की नाही हे मी चार ठिकाणी विचारलं, चार उत्तरं मिळाली. जहाजावर त्याला कोणी विचारलंही नाही. यंदा आषाढी एकादशीला ‘मॅजिक सीज’वर हल्ला झाला, दुसऱ्या दिवशी ‘इटर्निटी सी’वर. दोन्ही बुडाली. त्यांच्यातल्या किती जणांना आधी विचारलं असेल?

इंटरनेटबद्दल थोडक्यात. डिसेंबर 2024 पासून मेरीटाइम लेबर कन्व्हेन्शनमध्ये, म्हणजे खलाशांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात, दुरुस्ती लागू झाली की शक्य तिथवर खलाशांना इंटरनेट द्यावं आणि पैसे घेतलेच तर वाजवी घ्यावेत. भारतानं 2015 मध्येच हे कन्व्हेन्शन मान्य केलेलं आहे. आमचा मुलगा डेटा कार्ड विकत घेतो, एक व्हिडिओ कॉल केला की निम्मं संपतं. वाजवी कशाला म्हणायचं ते तुम्हीच ठरवता, तेव्हा एकदा कागदावर लिहून लावा.

आणि आमच्या शेजारच्या वाडीतल्या एका मुलाकडून जॉइनिंगसाठी तीन लाख घेतले. नोकरी लावण्यासाठी खलाशाकडून पैसे घेता येत नाहीत, 2016 च्या नियमांत ते स्वच्छ आहे. ज्यानं घेतले तो तुमच्यापैकी नसेल, लायसन्सवाला नसेल. पण मुलगा शेवटी एका जहाजावर चढलाच ना? मग ते जहाज कोणाचं होतं? 2024 मध्ये जगभरात तीन हजारांहून जास्त खलाशी पगाराविना, तिकिटाविना मालकांनी वाऱ्यावर सोडले आणि त्यांत सगळ्यात जास्त भारतीय होते. तो मुलगा त्यांच्यात नव्हता, सहा महिन्यांनी आला, वजन अकरा किलो कमी होऊन. शेत मात्र अजून गहाण आहे.

आता मागण्या. ऑगस्टमध्ये संसदेनं 1958 चा मर्चंट शिपिंग कायदा बाजूला करून नवा मंजूर केला. त्याखालचे नियम ठरतील तेव्हा सरकारनंही हे वाचावं, म्हणून पत्र उघडं लिहिलंय. पण यातल्या एकाही गोष्टीसाठी तुम्हाला कायद्याची वाट बघायची गरज नाही.

एक. जहाज युद्धाच्या किंवा हल्ल्याच्या भागात असेल तेव्हा घरच्यांना दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी, मराठी किंवा हिंदीतून एक ओळ पाठवा. ‘कळले नाही’ ही ओळसुद्धा चालेल, फक्त पुढं वेळ घाला.

दोन. रात्रंदिवस उचलला जाईल असा एक फोन आणि त्यावर माहिती असलेला माणूस ठेवा. त्या मुलाला निदान ‘बातमी कधीची’ हे सांगायची मुभा द्या.

तीन. बाळंतपण, आईबापाचं गंभीर आजारपण, घरातला मृत्यू यांसाठी लवकर उतरण्याचा अर्ज आला तर 15 दिवसांत लेखी उत्तर द्या. नाकारलंत तर कारण लिहा. कॉन्ट्रॅक्ट संपण्याच्या महिनाभर आधी रिलीव्हरचं नाव आणि बंदर ठरवून कळवा.

चार. धोक्याच्या भागात जहाज नेण्याआधी प्रत्येकाची लेखी संमती घ्या, आणि नाही म्हणणाऱ्याला पुढची नोकरी नाकारणार नाही हे त्याच कागदावर लिहा. हे दुसरं वाक्य नसेल तर पहिल्याला काही अर्थ नाही, हे तुम्हालाही माहीत आहे.

पाच. जॉइनिंगच्या वेळी घरच्यांच्या हातात एक पान द्या : झेंडा कुठला, मालक कोण, विमा कोणाचा, कोणता करार लागू, तक्रार कुठं करायची. आपल्या भाषेत. एसटीच्या तिकिटाच्या मागेही एवढं छापलेलं असायचं.

या पत्रामुळे मुलाला त्रास होईल असं ही म्हणते. मी त्याला विचारलं. तो म्हणाला, “लिहा. खाली फक्त माझं नाव नको.” म्हणून ते नाही.

उत्तर छापील पाठवायला हवं असं नाही. त्या ग्रुपवर टाकलंत तरी चालेल. तेवढं आम्हालाही लिहिता येईल असं मात्र करून ठेवा. सेटिंग बदलायला अर्धा मिनिट लागतो. जमत नसेल तर फोन करा, सूनबाई सांगेल. दुपारी अडीचनंतर करा, तेव्हा बाळ झोपलेलं असतं.

आपला,
एका एबीचा बाप
निवृत्त वाहतूक नियंत्रक, जिल्हा रत्नागिरी
3 ऑक्टोबर 2025